मोजलेली घरटी

"साहेब, तुम्ही शेकरं मोजलीच नाहीत. नुसती घरटी मोजलीत," वनमजूर ठमाबाई भर बैठकीत म्हणाली.

उन्हाळी गणनेच्या कागदावर अभयारण्यात तीनशे बारा शेकरं झाली होती. एवढी आहेत म्हटल्यावर जंगलातून रस्ता काढायला कोणाची हरकत उरणार? गणनेची साक्षीदार म्हणून तिची सही तेवढी बाकी होती.

"बाई, शाळा किती झाली?" साहेब हसले.

"चौथी. पण अठरा उन्हाळे मान वर करून हे रान मोजलंय. एक शेकरू सहा-सात घरटी बांधतं, राहतं एकात. माझ्या वहीत अठ्ठेचाळीस आहेत. एकेकाला शेपटीवरून ओळखते मी."

ती उठून बाहेर गेली. साहेबांना मागून जावंच लागलं. समोरच्या जांभळींच्या शेंड्यांत सात घरटी होती.

"सही करते. आधी सांगा, यांतल्या कुठल्या घरट्यात शेकरू राहतं?"