उघड म्हटलं की उघडायचं

"दहापर्यंत मोज," मेरिल म्हणाली. "मनातल्या मनात. तोंडातून चकार शब्द नको."

रेनाताने मोजायला सुरुवात केली. समोर फरशीवर तिचा दारिओ बसला होता. चार वर्षं पुरी व्हायला महिना राहिलेला, आणि अजून तोंडातून एक शब्द नाही. त्याच्या मांडीत प्लास्टिकची आरपार दिसणारी बरणी होती, आत त्याची लाडकी निळी होडी. त्याने बरणी आपटली, चावून पाहिली, मग आईचा हात धरून झाकणावर नेऊन ठेवला.

आठ. नऊ. तेवढ्यात सहा वर्षांच्या जियाने बरणी हिसकावली आणि झाकण फिरवून मोकळी झाली.

"जिया!"

"किती छळता त्याला! होडी हवीय, हे आंधळ्यालासुद्धा दिसतंय."

"दिसतंय गं," मेरिल म्हणाली. "पण त्याने न मागता तू उघडलंस, तर तो कशाला बोलेल? आधी शब्द, मग झाकण."

जियाचे डोळे भरले. भावाचं काही बिघडवलं असं कुणी म्हटलं, की ती लगेच रडवेली व्हायची.

मेरिल दर बुधवारी दहा वाजता टाऊन्सव्हिल शहरातून होम हिल गावी यायची, न बोलणाऱ्या मुलांशी खेळायला. खेळायला म्हणजे खरंच खेळायला. खेळण्यांची पिवळी पेटी उघडायची, पोरगं जे करील ते करायचं, त्याला प्रश्न विचारायचे नाहीत. रेनाताच्या सासूला, नोनाला, हे अजिबात पटत नव्हतं.

"एवढं शिकून ही बया फरशीवर लोळते," नोना स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझा नीनो पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता. आता मोसम सुरू झाला की ऊसतोडणीच्या यंत्रावर बसून दिवसभर शिव्या देतो."

"आई, पुरे!" रेनाता म्हणाली. मग मेरिलकडे वळली. "खरं सांग. हा मला कधी हाक मारेल का? जानेवारीत शाळा सुरू होईल. तिथे याला तहान लागली तर कोणाला कळणार? रात्र रात्र डोळा लागत नाही माझा."

मेरिलने खोटा दिलासा दिला नाही. ती म्हणाली, "एकच शब्द धरू. 'उघड'. घरातलं जे जे त्याला हवं असतं ते बंद करून ठेवा. बिस्किटं, होडी, खेळणी, सगळं. मोजा, वाट बघा. आणि ज्या क्षणी तो म्हणेल, त्या क्षणी उघडा. 'थांब' नाही, 'कशाला' नाही, 'मग बघू' नाही. नुसतं 'उघ' म्हणाला तरी चालेल. आपल्या बोलण्याने जग हलतं, हे त्याला कळू दे."

"आणि भलतंसलतं मागितलं तर?" नोनाने विचारलं.

मेरिल हसली. "मागू दे हो! त्या दिवशी मी तुमच्या हातचं जेवीन."

मग ती जियासमोर उकिडवी बसली. "तू माझी मदतनीस. पिवळी पेटी आठवडाभर तुझ्याकडे. नियम सांग बघू?"

"दहा मोजायचे. उघड म्हटलं की उघडायचं. लगेच."

"शाब्बास."

त्यानंतर तीन बुधवार गेले. रेनाताचा नवरा नीनो सुट्टीच्या दिवशी जाळी घेऊन मागच्या अंगणातल्या पोहायच्या हौदावर तरंगणारी काजळी काढत बसायचा. आसपासची शेतं पेटवली, की जळक्या पाचटाचं काळं सगळ्या गावावर पडे. दारिओ हौदाच्या कुंपणाच्या बंद फाटकाला नाक लावून ते बघत राही. घरात बरण्यांवर बरण्या रचल्या गेल्या. जिया बोटं दुमडत मोजायची, आणि दारिओ ओठांचा चंबू करून नुसता वारा सोडायचा. रेनाता वाळत चालली होती. तिसऱ्या बुधवारी मात्र तो "उ" म्हणाला. रेनाता न्हाणीघरात जाऊन रडली.

"पुढच्या बुधवारी त्याचा वाढदिवस," नोना निघालेल्या मेरिलला म्हणाली. "केक खायला थांब. फरशीवर नको, टेबलावर बस."

त्या बुधवारी मेरिलने मुद्दाम लाल फितीची गच्च गाठ मारलेलं खोकं आणलं. गल्लीत गाड्याच गाड्या. शेजारणी झाकलेली ताटं घेऊन आत जात होत्या. नीनोचे कामावरचे सोबती टोप्या हातात घेऊन आवारात उभे होते. एवढं मोठं घराणं, मेरिलला वाटलं, वाढदिवससुद्धा लग्नासारखा.

पायरीवर जिया एकटीच बसली होती. चुरगळलेला फ्रॉक, केस न विंचरलेले.

"मेरिल! तो बोलला!"

मेरिलच्या हातातलं खोकं पडता पडता राहिलं. "काय सांगतेस! कधी?"

"काल संध्याकाळी. 'उघड' म्हणाला. अख्खं. मला म्हणाला."

मेरिलने तिला कवटाळलं. इतक्या वर्षांत असं कितीदा ऐकलं, तरी दर वेळी तिला ते नवंच वाटायचं. "अगं, मग आई काय म्हणाली?"

"आईला सांगितलंच नाही. माझ्याशी कोणी बोलतच नाहीये. आधी तुलाच सांगणार होते." जियाने बोटं पुढे केली. "या वेळी मी घाई नाही केली. दहा मोजले. तो म्हणाला, मग लगेच उघडलं. बरोबर ना?"

"अगदी बरोबर, राणी. कुठली बरणी? होडीची?"

"बरणी नाही," जिया म्हणाली. "हौदाचं फाटक. कडी उंच आहे ना, म्हणून तुझ्या पिवळ्या पेटीवर उभी राहिले."