दादाचं विमान

दादानं कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेग नको तितका वाढवून ठेवला होता, त्यामुळे तो तापायचा आणि आतले पंखे घोंघावत सुटायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, ते विमान उतरव आणि जेवायला ये." दादा म्हणायचा, प्रोसेसरवरचं धातूचं झाकण काढून आतली उष्णता बाहेर नेणारी वाळलेली पेस्ट बदलली, की पंखे आपोआप गप्प बसतील. झाकण काढायचं हत्यार त्यानं मागवलंही. पार्सल आलं, तेव्हा ते उघडायला दादा या जगात नव्हता.

या सुट्टीत घरी आले आणि त्याचं राहिलेलं काम मी हातात घेतलं. श्वास रोखून झाकण सोडवलं, जुनी पेस्ट खरवडली, नवी लावली. वेग तोच ठेवूनही तापमान झपकन उतरलं, पंखे चालू आहेत हे हात लावून बघावं लागलं. दादा असता तर खोलीभर नाचला असता.

संध्याकाळी आई ऑफिसातून आली ती थेट त्याच्या खोलीत गेली, आणि बाहेर येईचना. मी डोकावले, तर ती चालू कॉम्प्युटरला कान लावून बसली होती.

"उतरवलं बघ दादाचं विमान एकदाचं," मी म्हणाले.

"रोज आल्यावर हा चालू करायचे, दार लोटायचे आणि स्वयंपाकाला लागायचे," आई म्हणाली. "तो आत बसलाय असं वाटायचं गं."