रविवारचे बारा प्रश्न

सांगलीच्या एसटीत बसल्यापासून सुमंतने हातातला कागद चौथ्यांदा वाचला. झोप लागते का? जेवण जातं का? गोळ्या वेळेवर घेता का? असे एकूण बारा प्रश्न. सगळे त्यानेच लिहिलेले, पण ते स्वतःच्या तोंडाने विचारायची पाळी आज पहिल्यांदाच आली होती.

साल नव्याण्णव. साताऱ्यात लोकांना इंटरनेट म्हणजे काय हे समजावताना जीभ दुखायची, तेव्हा या गड्याने त्यावर धंदा उभा केला होता. मुलं अमेरिकेत, आईवडील इकडे. दर रविवारी सुमंतचा माणूस मुलाच्या ओळखीचा म्हणून त्यांच्या घरी जायचा, मुलाच्या वतीने पाया पडायचा, तासभर बसायचा आणि बारा उत्तरं लिहून, खाली सही घेऊन आणायचा. सुमंत ती ई-मेलने पाठवायचा. दिवसाचं काम दोन तासांचं. उरलेल्या वेळात तो मित्रांना ऐकवायचा, "काम वाटून देता आलं पाहिजे. दिवसभर राबतो त्याला डोकं नसतं."

सांगलीचं काम पल्लवीकडे होतं. आठ महिने केलं आणि परवा तिने फोनवरच राजीनामा दिला.

"मला किळस येते," ती म्हणाली.

"कशाची?"

"त्या तासाची. घड्याळाकडे बघत कुणाच्या तरी आईजवळ बसायचं."

सुमंत हसला होता. पण त्याच रात्री न्यू जर्सीहून धवलची मेल आली. "आई फोनवर फार तुटक बोलते. मी दिवाळीला यायला हवं का? तुम्ही स्वतः बघून कळवा. ठीक असेल तर इथल्या मंडळातली वीस घरं तुमची सेवा घेणार आहेत."

म्हणजे 'सगळं ठीक' असे दोन शब्द लिहिले की वीस घरं पदरात. 'या' असं लिहिलं, तर आपलीच सेवा कुचकामी असल्याचं आपल्याच हाताने कळवायचं. सुमंतने काय लिहायचं ते साताऱ्यातच ठरवून टाकलं होतं.

विश्रामबागेतल्या धवलच्या घराचं दार त्याच्या आईने, विनोदिनीकाकूंनी उघडलं. इस्त्रीची सुती साडी, नाकावर चष्मा. सुमंत पाया पडायला वाकला तशा त्या दोन पावलं मागे सरल्या.

"नको, नको."

टाचांना भेगा पडल्या होत्या. मुलगा तिकडे गालिच्यावरून चालत असेल, सुमंतच्या मनात आलं.

काकू खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या, पाहुण्यासारख्या. त्याने कागद काढला.

"झोप लागते का?"

"लागते."

"जेवण जातं?"

"जातं."

"गोळ्या?"

"घेते."

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येत होतं. माणसाशी बोलायची सवयच मोडली की बाईची, त्याला वाटलं. धवल म्हणाला ते खोटं नव्हतं. पाचव्या प्रश्नाशी सुमंतला स्वतःचाच आवाज नकोसा झाला. 'मन प्रसन्न आहे का' हा नववा प्रश्न त्याने एकदा दाढी करता करता सुचला म्हणून घातला होता. तो विचारताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आहे," काकू म्हणाल्या आणि चष्म्याच्या वरून घड्याळाकडे बघितलं.

मग त्यांनी चहा आणला. त्याच्यासाठी फुलाफुलांची कपबशी. स्वतःसाठी खिडकीत एकटाच पालथा घातलेला, कान तुटलेला कप त्यांनी घेतला आणि त्या उंबऱ्याशी जाऊन खालीच बसल्या. भरल्या घरात चांगली भांडी असताना!

"सही राहिली," तो कसाबसा म्हणाला.

काकूंनी रेडिओखालून कागद ओढून दिला. पल्लवीने कोऱ्या कागदांचा गठ्ठाच देऊन ठेवला होता. त्यावर सही आधीच केलेली होती, सुरेख, वळणदार.

प्रश्न विचारायच्या आधीच सही! उत्तरांना काही अर्थ उरलेला नाही हे या माउलीला कळलं होतं, फक्त आपल्याला कळलं नव्हतं. सुमंतला धवलची शिसारी आली. पोटच्या पोराला आईची झोप विचारायला भाडोत्री माणूस लागतो. मग त्याला त्या भाडोत्री माणसाची शिसारी आली, आणि तो माणूस तर तिथेच बसून चहा पीत होता.

त्याने बारा प्रश्नांचा कागद टराटरा फाडला.

"काकू, मी धवलचा मित्रबित्र कुणी नाही. तो मला पैसे देतो म्हणून आलोय. ती पल्लवीही तशीच यायची. माझं चुकलं. आज रात्रीच त्याला कळवतो, स्वतः ये, आईजवळ बस. आणि हे रविवारचं सोंग आजपासून बंद."

काकूंचा कप हातातच राहिला.

"बंद?"

"कायमचं."

"न्हाई न्हाई, आसं करू नगा सायेब!" त्यांनी चष्मा काढून पदराने डोळे पुसले. "डोळं दुकत्यात ह्यानं. आवं, मी रंगुबाई. हितं भांडी घासते. बाई ऐतवारी मिरजंला भनीकडं जात्यात, पत्तं खेळाया. माजं ऐतवारचं काम काडू नगा, लेकीची फी भरते मी त्यातनं."

सुमंत फाडलेले तुकडे गोळा करायला लागला. "पण… काकूंनी तुम्हाला का बसवलं?"

"मला काय ठावं? पयल्या ऐतवारी तुमचा दुसराच मानूस आला व्हता, तवा त्या सोता बसल्या व्हत्या. त्यो गेला. मग म्हनल्या, रंगू, त्येनं इचारायला मानूस लावलाय, मग मी बी उत्तरं द्यायला मानूस लावते."