आतून आलेली ओ

दहावीची एसएसएलसी परीक्षा संपल्यापासून अप्पांचा डबा अंबत्तूरच्या कारखान्यात मीच नेते. एकटी, बस बदलून!

अकरा हजार व्होल्टच्या कपाटाएवढ्या पॅनेलची दुरुस्ती चालू असली की त्याला अर्थिंगचा दांडा लावून ठेवतात. चुकून वीज आली तरी ती जमिनीत जाते. काम संपलं की अप्पा एकेकाला नावाने हाक मारतात. सगळ्यांनी बाहेरून ओ दिली, की पुढच्या बाजूचे नारायणस्वामीमामा दांडा काढतात आणि सप्लाय सोडतात.

शेवटची हाक गमतीने माझी असते.

"कनका!" आज अप्पांनी पॅनेलच्या मागच्या बाजूने हाक मारली.

मी तोंड उघडायच्या आत बंद पॅनेलमधून ओ आली. माझ्याच आवाजात, माझ्यासारखीच लांबवलेली.

"वेडे, आत कशी गेलीस गं?" अप्पांनी घाईघाईने मागचं दार उघडलं.

मी तर त्यांच्या पाठीशीच होते! मी त्यांचा शर्ट ओढला, दंड धरून हलवला. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

आत नुसत्या तांब्याच्या पट्ट्या होत्या.

"घाबरू नको, माझा हात धर," म्हणत अप्पा आत वाकले. कुणीतरी धरल्यासारखी त्यांची मूठ मिटली.

"सगळ्यांची ओ आली, सार!" पलीकडून मामा ओरडले. दांडा फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग त्यांची पावलं स्विचकडे गेली.

"मामा, थांबा!" मी जीव तोडून ओरडले.

माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. पॅनेलमधून मात्र पुन्हा, अगदी खुशीत, ओ आली.