राहीचा सांधा

"कापाकापी फार नाही," डॉक्टर म्हणाले. "कमरेच्या मागे, माकडहाडाच्या वर जो सांधा असतो, तो डाव्या बाजूला उघडलाय. नखाएवढ्या छेदातून स्क्रू घालू. तो कुठे चाललाय ते एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत."

तुळशीदास गुरुजींनी मान डोलावली. धाकट्या बहिणीला, राहीला, त्यांनी खोडाळ्याहून नाशिकला आणलं होतं. आधी चार दिवस गावातल्या वैदूने पाला बांधला होता. ते चार दिवस आपण फुकट घालवले, हे त्यांना खात होतं.

"कशी पडली?" डॉक्टरांनी राहीकडे बघून विचारलं.

"जीपमधून," गुरुजीच बोलले. "दाभोशाला सासरी सोडायला चाललो होतो. गाडी खच्चून भरलेली. मी आत बसलो, ही मागच्या पायरीवर उभी. वळणावर पाय घसरला. चूक माझीच."

राही छताकडे बघत होती.

ऑपरेशन तासाभरात झालं. डॉक्टरांनी फोटो दाखवला. पांढुरक्या हाडांत दोन लांब स्क्रू आडवे बसले होते. बाहेरून मात्र दोनच टाके.

"एवढंच?" गुरुजींनी विचारलं.

"एवढंच. पण दीड महिना पाय टेकायचा नाही."

घरी त्यांनी खाट पडवीत, वाऱ्याला टाकली. शाळा सुटली की ते तिच्याजवळ येऊन बसायचे. तिला कुशीवर वळवताना ती दात आवळायची.

एकदा त्यांना राहवलं नाही. "माझी जागा तुला द्यायला पाहिजे होती गं."

"नको बोलू तसा, दादा."

तिने आपल्याला माफ केलं, असं त्यांना वाटलं. त्याने अपराध हलका झाला नाही, वाढलाच.

तिचा नवरा धनेश दाभोशाहून एकदा येऊन गेला. उंबऱ्यातच उभा राहिला. "आवणी जवळ आली. भात लावायला माणूस नाय. तोवर चालेल ना ही?"

"चालेल, चालेल," गुरुजी ओशाळून म्हणाले. मेहुण्यासमोर त्यांना मान वर करता येईना.

तिसऱ्या महिन्यात ते तिला पुन्हा नाशिकला घेऊन गेले. नवीन फोटो बघून डॉक्टर हसले. "सांधा पक्का बसला. आता चाला, कामं करा, आपल्या घरी जा."

राही काठीशिवाय व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. गुरुजींचे डोळे भरून आले. तीन महिन्यांनी त्यांना छातीभर श्वास घेता आला.

एसटी स्टँडवर दोघं चहा प्यायला बसली.

"पाव्हण्यांना मी फोनवरून निरोप ठेवलाय," ते म्हणाले. "रविवारी न्यायला येतायत तुला."

राहीने कप बाकावर ठेवला. गावाकडे जाणारी जव्हारची गाडी लागली, माणसं धावली. ती उठली नाही.

"दादा, तू उगाच जीव जाळत राहिलास. मीच आधी बोलायला पाहिजे होतं."

"काय?"

"माझा पाय घसरला नव्हता," ती म्हणाली. "दाभोसा दिसायला लागलं, म्हणून मी उडी टाकली."