ओटीपोटातले ठिपके

एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सुरुचीला एक्स-रे दाखवला. ओटीपोटाच्या शिरांमध्ये कॅल्शियमचे बारीक पांढरे खडे जमले होते. “हे बऱ्याच जणांना असतात, काळजी नको,” ते म्हणाले.

“पण इतके रांगेत?” तिने विचारलं. आई उंबऱ्यासमोर रांगोळीचे ठिपके मांडायची, अगदी तसे होते ते.

ओटीपोटातली चुळबुळ थांबेना, म्हणून काही दिवसांनी ती पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेली. नव्या एक्स-रेत निम्मे ठिपके बारीक रेघेने जोडलेले होते. डॉक्टरांनी जुना एक्स-रे शेजारी धरून पाहिला.

“वरद, घरी चल,” ती सोबत आलेल्या नवऱ्याला म्हणाली. पाहुणा दारात यायच्या आत रांगोळी पुरी व्हायलाच हवी, असा आईचा हट्ट असायचा.

गाडीत बसली, तेव्हा तिच्या ओटीपोटात कुणाच्या तरी चिमटीतून काहीतरी भुरभुरत होतं, आता घाईघाईने.