सतरावा प्रश्न

"चाळीस प्रश्न पाहूनच माणसं पळ काढतात, बारावर आण," मॅडम म्हणाल्या. स्वतःवर ताबा न राहणारी माणसं ओळखायची आमची प्रश्नावली, आणि कात्री माझ्या हातात.

लोकांनी भरून दिलेले कागद समोर ठेवून मी आधी सतरावा खोडायला घेतला. "रागाच्या भरात घरच्यांवर हात उठतो का?" या सोळाव्याला ज्यांनी होकार दिला होता, त्या सगळ्यांनी "नंतर वाईट वाटतं का?" या सतराव्यालाही दिला होता. मग एकच गोष्ट दोनदा कशाला विचारायची?

"सगळ्यांनी नाही हं. एक कागद वेगळा आहे," मॅडम म्हणाल्या. "सोळाव्याला 'नेहमी', सतराव्याला 'कधीच नाही'. घाईत चुकला असेल कुणीतरी. सोडून दे."

कागदांवर नावं नसतात, म्हणून तर माणसं खरं लिहितात. तरी मी गठ्ठ्यातून तो शोधून काढला. त्यात घाई कुठेच नव्हती. चाळीसच्या चाळीस फुल्या पट्टी लावून आखलेल्या, एकही रेघ चौकटीबाहेर नाही. अशा फुल्या इमारतींचे नकाशे काढणारा माणूसच मारतो. तसा एक माझ्या घरात आहे. कागद त्याला मीच भरायला दिला होता.

मी बाही ओढून काळंनिळं मनगट झाकलं. तेवढ्यात फोनवर त्याचा मेसेज आला.



"कालच्याबद्दल खूप वाईट वाटतंय गं. अगदी मनापासून. खाली उभा आहे, तुला न्यायला आलोय."